कवड्या की मण्यार?

आमच्या गावातल्या हौशी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कुणी वेगळ्याच रंगाच्या अळंबीचा फोटो टाकतं, कुणी गुडघेदुखीवरचा उपाय, कुणी ओढ्यात सापडलेला दगड. एका दुपारी मी आईच्या खोलीतला साप टाकला.

काळा, अंगावर पांढरे पट्टे, कपाटाच्या पायाशी वेटोळं घालून बसलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आई पलंगावर पडून होती. मी दारात उभा राहून लिहिलं, "कोणता आहे हा?"

उत्तरं धडाधड आली. "कवड्या, बिनविषारी." "छे, मण्यार! जहाल विषारी." पट्टे मानेपासून सुरू होतात की नाही, यावर वाद पेटला. कुणी म्हणालं, "जरा जवळून काढा ना." सापाने मान उचलली.

"हलला का रे?" आई कुजबुजली.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, कधी न भेटलेल्या.

"खोलीत कोण आहे?"

"आई. तिला उठता येत नाही."

"मग ओळख राहू द्या. आधी त्यांना बाहेर काढा."

मी पलंगाच्या पलीकडून गेलो आणि आईला उचललं. तिच्या काळजाची धडधड मला माझ्या छातीवर जाणवत होती. बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

मी बोलावलेल्या सर्पमित्राने साप बरणीत घातला. "मण्यार आहे," तो म्हणाला.

नवलाची गोष्ट दिसली की नजर तिच्यावरच खिळते, शेजारचं माणूस दिसेनासं होतं.

संध्याकाळी आईने फोटो मागितला. बराच वेळ पाहून म्हणाली, "यात मी कुठेच नाही रे."