धारोष्ण दूध आणि माझा मणका

"घरी गाई किती आहेत?" नगरच्या डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा मला वाटलं, बाई रतीब लावायच्या विचारात आहेत. मी तपासायच्या टेबलावर आडवी पडले होते आणि कूस बदलायलाही सुनेचा हात लागत होता.

"लहानमोठ्या धरून अकरा," मी म्हणाले.

"इतक्यात एखादी गाभडली होती का? दिवस भरायच्या आधी वासरू पडलं?"

हो, आमची कपिला सातव्या महिन्यात गाभडली होती. वासरामागची वार कोणी काढली, असं त्यांनी विचारलं. मीच काढली होती. हातमोजे होते का म्हणाल्या, तर मला हसूच आलं. मग दूध कच्चं पिता का म्हणाल्या. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी पेलाभर धारोष्ण दूध घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला वाटतं, तुम्हाला ब्रुसेलोसिस आहे. रक्त तपासू, मग नक्की सांगते."

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांच्या अंगातले जंतू माणसाच्या रक्तात शिरून येणारा ताप. ते कच्च्या दुधातून येतात, तसेच वारेला उघडे हात लावल्यानेही येतात. मी दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती.

मी काष्टीची. गाय अडली की आसपासच्या वस्त्यांवरून मला बोलावणं येतं. वासरू आडवं असलं तरी मी कोपरापर्यंत हात घालून सरळ करून बाहेर काढते. बायका मला 'गाईंची सुईण' म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

कपिला गाभडल्यावर महिनाभराने मला ताप यायला लागला. संध्याकाळी हुडहुडी भरायची आणि सकाळी लुगडं पिळून काढावं इतका घाम यायचा. तपासण्या झाल्या. मलेरिया निघाला नाही. टायफॉइड असेल म्हणून गोळ्या झाल्या. आठ दिवस बरं वाटलं की ताप पुन्हा हजर. असे तीन महिने गेले आणि मग कंबर धरली.

या तीन महिन्यांत मी काय केलं असेल? अंगात ताकद यावी म्हणून एकाऐवजी दोन पेले कच्चं दूध प्यायले. आजारावरच आजार पीत होते आणि वर सगळ्यांना सांगत होते, बघा, अन्न जात नाही पण दूध तेवढं जातं.

मग एका मोठ्या दवाखान्यात एमआरआय काढला. कमरेचे दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी सुजली होती. त्याला स्पॉन्डिलोडिस्कायटिस म्हणतात, म्हणजे मणक्यात जंतूंनी घर केलेलं असतं. तिथल्या डॉक्टरांना क्षयाचा संशय होता. ते म्हणाले, "ऑपरेशन करून स्क्रू बसवावे लागतील. नंतर खाली बसणं, वाकणं कायमचं बंद."

ऑपरेशनला मी घाबरले नाही. खाली बसणं बंद, हे ऐकून मात्र हंबरडा फोडला. डॉक्टरांना त्यात काय एवढं, असं वाटलं असेल. पण धार काढायची तर उकिडवं बसून, खुरपायचं तर उकिडवं बसून, आणि अडलेल्या गाईशेजारी खुर्ची टाकून कोणी बसत नाही. बसता आलं नाही तर मी नुसती घरात टेकवून ठेवलेली बाई होणार होते.

ऑपरेशनची तारीखही ठरली होती. माझी सून स्वाती अडून बसली. "आत्या, कापायच्या आधी अजून एका डॉक्टरला दाखवू. मन मानंना माझं." म्हणून आम्ही नगरला आलो होतो.

रक्ताच्या अहवालासाठी चार दिवस थांबावं लागलं. ते चार दिवस मी नुसती पंख्याकडे बघत काढले. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला. ब्रुसेलोसिसच होता. "पायात ताकद आहे, नसेवर दाब नाही. ऑपरेशन थांबवू, आधी औषधं देऊन बघू," त्या म्हणाल्या. स्वाती तिथेच रडायला लागली. मी तिला दटावलं आणि मग मीही रडले.

तीन आठवडे रोज इंजेक्शन, आणि डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन या गोळ्या सहा महिने. ही जंतू मारणारी औषधं आहेत. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते. हे मला सांगितलेलं होतं, पण मी विसरले आणि पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घ्यायची नसते. दुधाला नको म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

आमच्या मालकांना हे काही पटेना. "आमी पिढ्यान्‌पिढ्या कच्चंच पितोय. कुनाला काय झालं? आता दुधातबी खोट काढायला लागले." खरं सांगते, मनातून मीही त्यांच्याच बाजूची होते. धारोष्ण दूध म्हणजे अमृत, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "दूध सोडू नका हो. फक्त चांगली उकळी येऊ द्या, जंतू मरतात. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा."

तपासलं. स्वाती आणि माझा मुलगा चहापुरतं दूध घेणारे, ते सुटले. मालकांच्या रक्तात जंतू निघाले. वर्षभर ते गुडघ्याला तेल चोळून वयाला शिव्या देत होते, ते दुखणं वयाचं नव्हतंच.

घरी आल्यावर त्यांनी दुधाची चरवी उचलली, स्वयंपाकघरात गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गॅस पेटवून दूध तापवलं. अर्धं उतू घालवलं. "आता घिऊ का गोळी?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून आम्ही दोघं शेजारी बसून गोळ्या घ्यायचो आणि एकमेकांच्या विसरभोळेपणाची चेष्टा करायचो.

दहाव्या दिवशी ताप गेला तो परत आला नाही. कमरेने मात्र वेळ घेतला. पट्टा बांधून आधी दारापर्यंत, मग गोठ्यापर्यंत. गुरांच्या डॉक्टरांनी आमच्या सगळ्या गाई तपासल्या. दोन वेगळ्या बांधल्या आणि कालवडींना लस दिली. गोठ्यात आता लांब हातमोज्यांचा खोका असतो. मोजे घातल्यावर वासराचा पाय नीट हाताला लागत नाही, अशी माझी तक्रार अजून आहे, पण घालते.

गुरं पाळणाऱ्या माझ्या बायांनो, बाप्यांनो, ताप जात नसेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आपणहून सांगा, घरी गाई आहेत, अमुक गाभडली होती, मी कच्चं दूध पिते. यात लाजण्यासारखं काही नाही. मला तो प्रश्न तीन महिने उशिरा विचारला गेला. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि अडून बसणाऱ्या माझ्या सुनेचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. मणके भरून आले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "आता खाली बसून दाखवा."

मालकांनी हात पुढे केला. मी तो बाजूला सारला, लुगडं सावरलं आणि त्या गुळगुळीत फरशीवर उकिडवी बसले. टाचा जमिनीला टेकल्या. कुठे कळ नाही की काही नाही.

"छान. उठा आता," त्या म्हणाल्या.

"थांबा हो जरा," मी म्हणाले, "बसू द्या मला."