मौलवींची शब्दांची वही

रत्नागिरी बंदरावर बोटीची वाट पाहताना शेजारच्या मौलवींनी मला आपली वही दाखवली. एकेका अरबी शब्दाची चार-पाच रूपं, निरनिराळे अर्थ आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव. मुंबईच्या छापखान्याचा निरोप होता, वही निम्मी करा, तरच छापू.

अरबीचं अक्षरही मला येत नव्हतं, पण याद्या छाटण्यात माझा हातखंडा. “एकेक रूप ठेवा, बाकीची खोडा,” मी म्हटलं.

“तुम्हीच खोडा की!” त्यांनी पेन्सिल दिली. मी ती टेकवताच म्हणाले, “हे माझ्या उस्तादांचं. खालचं, त्यांच्याशी जन्मभर भांडलेल्या दोस्ताचं. दोघेही आता कबरीत आहेत. बोला रावसाहेब, कुणाला गप्प करता?”

बोट आली तेव्हा एकही शब्द खोडलेला नव्हता. मौलवी वही सांभाळत हसत बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढले. मला छापखानेवाल्याची दया आली.