मावशीचा अर्धा कोर्स

माझ्या मावशीला स्वस्थ बसणं माहीत नाही. शर्टांच्या कारखान्यात ती काजांच्या मशीनवर असते, तेव्हा हात गुंतलेले असतात म्हणून निभावतं. घरी जेवायला बसली की तीनदा उठते. कारखान्यातल्या बायका तिला ‘घाईताई’ म्हणतात. मी तोंडावर म्हणत नाही. मला जीव प्यारा आहे.

कारखान्यात चाळीस बायका आणि संडास एक. त्याची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. ती मागायची म्हणजे सगळ्यांदेखत हात पसरायचा आणि वर ‘आत्ताच तर जाऊन आलात’ हे ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा पाणीच नको, असं बायकांनी ठरवून टाकलं. मग आज हिला लघवीला जळजळ, उद्या तिला. त्यावरही इलाज होता. बटणांच्या रिकाम्या डब्यात सगळ्यांच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या जमा असायच्या. जिला त्रास होईल तिने दोन घ्यायच्या, जळजळ थांबली की बाकीच्या पुढचीसाठी ठेवायच्या. वाटप अर्थातच मावशीकडे. "घाईताई, मला पिवळी द्या, मला पिवळीच मानवते!" असं बायका रंगावरून सांगायच्या. स्वतः मावशीने वर्षभरात पाच-सहा वेळा तरी डब्यातलं घेतलं असेल.

या खेपेला पिवळी चालली नाही. पांढरीही नाही. पाठीत एका बाजूला ठणका लागला, हुडहुडी भरली, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी लघवी कल्चरला पाठवली, तोवर म्हणून एक औषध दिलं.

"रिपोर्टला तीन दिवस लागतील. जंतू वाढवून बघावे लागतात, कुठल्या औषधाने मरतात ते."

"तीन दिवस? तेवढ्यात माझी दोन हजार काजं होतात!"

त्या तीन दिवसांत मावशीने अंगात ताप असताना कपाटं आवरली, मला चारदा विनाकारण झापलं आणि लॅबला इतके फोन केले, की शेवटी तिथला माणूस म्हणाला, "मावशी, विचारल्याने ते लवकर वाढत नाहीत हो."

तिसऱ्या दिवशी ताप एकशे तीनवर गेला. रिपोर्ट डॉक्टरबाईंसमोर मीच वाचून दाखवला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा: रेझिस्टंट.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे तुझे जंतू या औषधांना भीक घालत नाहीत."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. डब्याचं त्यांना मी सांगितलंच होतं. "दोन गोळ्यांत लेचेपेचे मरतात, दांडगे उरतात. पुढच्या वेळी त्या दांडग्यांचीच पिलावळ. आता एकच इंजेक्शन उरलंय. रोज एक, सात दिवस. संसर्ग किडनीपर्यंत गेलाय. हेही अर्धं सोडलंत, तर पुढे द्यायला माझ्याकडे काही नाही."

मावशी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

इंजेक्शनांच्या चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी सुई टोचून सलाईनमधून इंजेक्शन लावेपर्यंत तिची चुळबुळ सुरू.

"मला बरं वाटतंय. उरलेली दोन इंजेक्शनं ठेवून देऊ."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्या शेजारी कॉलर शिवते ना, त्या कॉलरवालीसाठी. परवापासून तिला जळजळतंय. तेच असणार, दुसरं काय!"

"मावशी, तू बाई आहेस की औषधांचं दुकान?"

नर्स सलाईनचा थेंब बघत होती. तिथूनच म्हणाली, "तिचे जंतू वेगळे असतील, औषध वेगळं असेल. तिला इकडे आणा, तपासू."

मावशीने मोकळ्या हाताने फोन लावला. मशीनांच्या खडखडाटात पलीकडून कॉलरवाली ओरडली, "ताई, कधी येताय?"

"माझं सोड! तू काही घेऊ नकोस. आधी इथे येऊन लघवी तपासायला दे."

"अहो, सकाळीच घेतल्या दोन. पिवळ्या. आता बरंय मला."

मावशी ताडकन उठली. सलाईनची नळी ताणली, स्टँड हलला. "बसा आधी!" नर्स खेकसली. मावशी बसली, पण पाय खालच्या चपला चाचपडतच होते.

"कसलं बरंय?" ती फोनमध्ये म्हणाली. "मलाही दर वेळी बरंच वाटायचं. आहेस तशी नीघ. मी इथेच आहे, अजून पाऊण तास, हलू देत नाहीत मेले."