भिंत लहान पडली

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका मंगळवारी सकाळी, दहिवलीतल्या एका खासगी प्रसूतिगृहाच्या दारात शंभरेक माणसं जमली. आतून डॉक्टरबाई बाहेर आल्या, पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाईमाणूस कोण आहे तुमच्यात? तिने आत यावं. बाकीच्यांनी बाहेर बसा."

जमावात एकही बाई नव्हती.

"बाकीच्यांनी बाहेर बसा" हे त्यांचं रोजचं वाक्य. कर्जत-खालापुरातल्या ज्या पुरुषाने बायकोला, सुनेला किंवा मुलीला त्यांच्याकडे नेलं असेल, त्याने ते ऐकलेलं आहे. त्यांच्या खोलीत तपासणीच्या टेबलाशिवाय दोनच खुर्च्या होत्या. एक त्यांची, एक येणाऱ्या बाईची. तिसरी खुर्ची कुणी बाहेरून ओढून आणली तर त्या बोलणं थांबवायच्या, उठायच्या आणि ती स्वतः उचलून व्हरांड्यात ठेवून यायच्या. एका पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाचीही खुर्ची अशीच बाहेर गेली. तो आधीच तिच्यावर बसला होता, म्हणून त्याला उठेपर्यंत त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या एवढंच.

सासवांशी त्यांचा वाद ठरलेला. तुम्हीही व्हरांड्यात बसला असाल तर तो ऐकला असेल.

"बाय, तिला काय कळतंय? मला इचारा."

"तुम्हाला दिवस गेलेत का?"

"आता या वयात? काय बोलतंय बाय!"

"मग तिलाच विचारते. तुम्ही बाहेर बसा. चहा घ्या."

चहा खरोखर मिळायचा. तो आल्याचा असायचा, फार गोड असायचा आणि पैसे बाईंच्या खात्यावर लिहिले जायचे. समोरच्या टपरीवाल्याचा धंदा बाहेर बसवलेल्या सासवांवर चालतो, असं तो स्वतःच सांगायचा.

बाई मूळच्या देशावरच्या. लग्न होऊन इथे आल्या, नवरा लवकर गेला, त्या राहिल्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बोलणं तोडून. इथली बोली त्यांना नीट जमली नाही, पण 'गं' मात्र त्यांनी पक्का उचलला होता. बाईला टेबलावर झोपवताना त्या "घाबरू नको गं" म्हणायच्या, तेव्हा आवाज इतका खाली यायचा की बाहेर वाद घालून गेलेली बाई हीच का, असा प्रश्न पडावा.

एक प्रसंग मी स्वतः पाहिला. बहिणीला तपासायला घेऊन गेलो होतो आणि अर्थातच बाहेर बसलो होतो. नेरळकडचा एक चांगल्या घरचा माणूस, बायकोला न आणता एकटाच आत गेलेला, बाहेर आला. त्याच्या मागोमाग बाई. त्याला दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी आत काय आहे ते बघून द्या, असं तो सांगायला आला होता.

"मुलगी असली तर काय करणार होतास?" बाईंनी भर व्हरांड्यात विचारलं.

"हळू बोला बाई."

"का हळू? आत मोठ्याने बोललास ना? परत या दारात दिसलास तर पोलिसांना फोन करीन. बायकोला काही झालं तरी करीन."

तो गेला. त्याची बायको यथावकाश बाईंकडेच बाळंत झाली. मुलगी झाली. बाईंनी त्या घरी स्वतः पेढे पाठवले. त्या माणसाचं नाव मला माहीत आहे. इथे देत नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की मुली पाडायला नकार देणारी बाई म्हणून त्यांना तालुका ओळखत होता. एखाद्या बाईने स्वतःच्या तोंडाने 'मला हे नको' म्हटलं, कायद्याच्या मुदतीत म्हटलं, तर त्या तिचं ऐकतात हेही तालुका ओळखत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा असतात, हे समजून घ्यायची तालुक्याला गरज वाटली नाही.

खालापूरच्या बाजूला एका गावात कंपनीची बस थांबते तिथे ग्रामपंचायतीची एक भिंत आहे. सरकारी जनजागृतीसाठी तिच्यावर एक ओळ रंगवायची होती : 'गर्भलिंगनिदान व स्त्रीभ्रूणहत्या कायद्याने गुन्हा आहे.' रंगाऱ्याने मोठ्या अक्षरात सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं, की हे बसत नाही. त्याने सरपंचांना विचारलं. सरपंचांनी मार्ग काढला. भिंतीवर आलं : 'गर्भपात कायद्याने गुन्हा आहे.'

बाईंनी ते जाताना पाहिलं आणि गाडी थांबवून त्या थेट ग्रामपंचायतीत गेल्या. मी तिथे दुसऱ्याच एका बातमीसाठी बसलो होतो.

"हे खोटं आहे," बाई म्हणाल्या.

"खोटं कसलं? भिंत लहान पडली, बाई. अर्थ तोच ना?" सरपंच म्हणाले.

"अर्थ उलटा आहे. मुलगी आहे का ते बघणं गुन्हा. बाईला मूल नको असणं गुन्हा नाही. कायदा आहे त्याचा."

"बरं, बघतो ना. चहा घ्या."

"मला चहा नको. चुना द्या."

चुना दिला नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, लेखी दिलं, तालुक्याला दिलं. पुढच्या वर्षी जनजागृतीचा नवा निधी आला तेव्हा ग्रामपंचायतीने भिंत खरोखर रंगवली. तेच शब्द, लाल रंगात, खाली फुलांची वेल.

मधल्या काळात न्यायालयांचे निकाल आले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अविवाहित बाईलाही लग्न झालेल्या बाईइतकाच हक्क आहे. पुढे एका विवाहितेच्या प्रकरणात मुदत उलटून गेल्यावर परवानगी नाकारली गेली आणि गर्भाच्या ठोक्यांवर बरीच चर्चा झाली. टीव्हीवर जे चाललं तेच कर्जतला आणावं, असं काही जणांना वाटलं. सभागृह घेतलं गेलं. विषय : 'धर्म, कायदा आणि गर्भाचा अधिकार'. व्यासपीठावर एक महाराज, एक मौलाना, एक वकील आणि शेवटच्या खुर्चीत बाई. तालुक्यात दोन्ही धर्मांची माणसं एकाच व्यासपीठावर, एकाच बाजूने बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मिरवणुकीच्या मार्गावरून ज्यांचं वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, त्यांचं बाईच्या पोटावरून जमलं.

महाराज आणि मौलाना पापावर बोलले. वकील गर्भाच्या हक्कावर बोलले. लग्न न झालेल्या मुलींना निकालाने मोकळं रान दिलं, असं एक जण प्रेक्षकांतून म्हणाला आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत नेरळकडचा तो माणूस होता. तोही टाळ्या वाजवत होता.

बाईंची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या आणि पुढच्या रांगेकडे बघत राहिल्या. एकेका चेहऱ्याकडे, सावकाश. त्यातल्या किती जणांनी घरच्या बाईला त्यांच्याकडे आणलं होतं हे त्यांना माहीत होतं, आणि त्या ते बोलणार नाहीत हे रांगेला माहीत होतं. तरीही रांगेतल्या बऱ्याच जणांनी मोबाईल काढले आणि त्यात डोकं घातलं.

"एका गावात भिंतीवर खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पोरी ते रोज वाचतात. आधी ते पुसा. मग पाप कुणाचं ते बोलू."

"खोटं काय त्याच्यात?" मागून आवाज आला. यालाही टाळ्या मिळाल्या. बाई खाली बसल्या.

सभा संपल्यावर मौलाना त्यांच्याजवळ आले. वयस्कर, मवाळ माणूस.

"डॉक्टरसाहेब, आमच्यात पण आईचा जीव पयला. ते मी बोलणार होतो. पण लोक अर्धंच ऐकतात."

"मग तुम्ही तरी अर्धं बोलू नका," बाई म्हणाल्या.

मौलानांनी मान हलवली.

आता मंगळवारची गोष्ट.

त्या भिंतीपाशी रोज सकाळी बसची वाट बघणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी खालापूरकडच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. लग्न झालेलं नव्हतं. दिवस गेल्याचं कळल्यावर तिने कुणाला सांगितलं नाही. गोळ्या कुणाकडून तरी मिळाल्या. कुणाकडून, ते तपासात निष्पन्न झालेलं नाही. किती घ्यायच्या, कधी घ्यायच्या, रक्त थांबलं नाही तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. ती तशीच कामावर जात राहिली. चौथ्या दिवशी आईने तिला टेंपोतून दहिवलीला आणलं. सोमवारची दुपार होती. त्या वेळी व्हरांड्यात हजर असलेल्या परिचारिकेने नंतर पोलिसांना जबाब दिला, तो असा.

बाईंनी विचारलं, "अगं, आधी का नाही आलीस?"

मुलगी म्हणाली, "गुन्हा हाय ना? भिंतीवर लिवलंय. तुमाला पन पकडतील."

"तुमाला पन" हे शब्द जबाबात तसेच आहेत.

बाईंनी अर्धवट झालेला गर्भपात पूर्ण केला. जीव वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. मुलगी शुद्धीवर होती, सही तिने स्वतः केली. रक्ताची गरज होती. ते इथे नव्हतं. बाई तिच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसून पनवेलला निघाल्या. वाटेत मुलगी गेली.

मंगळवारी सकाळी जमाव आला. पुढे मुलीचा चुलता होता. "आमच्या परवानगीशिवाय पोर पाडला! पोरगी मारली!" मागे सभेतले बरेच चेहरे. बाईंनी पायरीवरून जे विचारलं ते वर दिलं आहे. एकाने दगड मारला. पाटीची काच फुटली.

"बाप, चुलता, कुणाची तरी सही घ्यायची होती!" चुलता ओरडला.

"सज्ञान बाईची सही बाईची असते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुझी पुतणी चार दिवस रक्तात होती. तू कुठे होतास रं?"

एवढंच. पोलीस आले. जमाव पांगला. वर्तमानपत्रात मी ही बातमी दिली, ती आतल्या पानावर, 'जमाव' हा शब्द 'संतप्त ग्रामस्थ' असा बदलून छापली गेली.

तक्रारीवरून चौकशी लागली आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रसूतिगृहाची गर्भपात केंद्र म्हणून असलेली मान्यता स्थगित झाली. वैद्यकीय मंडळाने बाईंकडून हलगर्जी झाली नसल्याचा अभिप्राय दिला. मुलीच्या आईने दिराच्या विरोधात जबाब दिला : पोरीने बाईचा हात धरून 'करा' म्हटलं, मी ऐकलं. या जबाबानंतर तिच्या घरी गावातलं कुणी जात नाही. बाईंचे वकील म्हणतात, दोन्ही कागद त्यांच्या बाजूचे आहेत.

दरम्यान जागामालकाने करार वाढवायला नकार दिला. त्याला कुणी काय सांगितलं ते तो सांगत नाही. दुसरी जागा बाईंनी दहिवलीत, कर्जतमध्ये, पळसदरीकडेही बघितली. प्रत्येक ठिकाणी आधी होकार मिळाला आणि दोन दिवसांनी नकार. प्रत्येक नकार नम्र होता. "बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण..." यातलं 'पण' ऐकायला त्या थांबायच्या नाहीत.

माघ महिन्यात त्या गेल्या. साताऱ्याकडे बहिणीचं घर आहे. पुण्याच्या गाडीसाठी कर्जत स्टेशनवर आल्या तेव्हा मुलीची आई आधीच येऊन बाकावर बसली होती. दोघी शेजारी बसल्या. मी लांब उभा होतो, काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. गाडी आली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि त्या चढल्या. आई गाडी हलेपर्यंत थांबली, मग पुलावरून उतरून गेली.

चौकशी संपली आहे. मान्यता स्थगित ठेवणारा आदेश अजून मागे घेतलेला नाही.