पोह्यांचं झाकण आणि थोरली वाट

पळायला लागलं की वजन घटतं म्हणतात. आमच्या ग्रुपमध्ये तसं कुणाचं घटलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. किस्से मात्र वाढत जातात! चार पुणेकर एका रस्त्याने गेले तर पाच मतं घेऊन परत येतात, आणि आम्ही तर दर रविवारी जंगलातून पळतो.

आम्ही म्हणजे थोडे कोथरूडचे, थोडे नारायण पेठेतले आणि थोडी आयटीतली पोरं. चांदणी चौक ओलांडून पुढे गेलं की गावाला लागून एक वनोद्यान आहे, तिथे आमचा अड्डा. वाटा दोन. धाकटी वाट तळ्यापर्यंत जाऊन परत येते. थोरली तळ्यावरून पुढे निघते, डोंगराला वळसा घालते आणि दाट झाडीतून मागच्या अंगाने फाटकाशी येते. माझा पाय मुरगळल्यापासून मी फाटकाजवळ बसून पोह्यांचं पातेलं राखतो. हे काम मला उत्तम जमतं.

ग्रुपचा नियम एकच, आणि तो आपटे सरांनी घालून दिलेला. शेवटचा माणूस परत आल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण उघडायचं नाही! सर नारायण पेठेतले, गणिताचे निवृत्त शिक्षक. सत्तरी ओलांडली तरी थोरली वाट करून सगळ्यांच्या आधी येतात. आणि शेवटच्याला न चुकता विचारतात, "काय, आज थंड पोहे खायची इच्छा होती का?"

हा प्रश्न बहुतेक वेळा सुलभाताईंच्या वाट्याला येतो. कोथरूडच्या सुलभाताई बँकेतून रिटायर झाल्या आणि पळायला लागल्या. एकदा तरी थोरली वाट पूर्ण करायची, एवढीच त्यांची इच्छा. पण तळ्यापाशी आलं की त्यांना पातेलं आठवतं. "माझ्यामुळे एवढी माणसं उपाशी ताटकळणार!" असं म्हणतात आणि मागे वळतात. बरं, धाकट्या वाटेनेही त्या शेवटच्याच येतात, तो भाग वेगळा.

*

एकदा एक नवा मुलगा आला. पाठीवर पाण्याची पिशवी, कपाळावर टॉर्च, हातात दोन काठ्या, डोळ्यांवर असा गॉगल की झाडंही दबकली असतील. सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एव्हरेस्ट उलट्या बाजूला आहे," सर म्हणाले.

पोरगा चांगला होता. पुढच्या रविवारी साध्या बनियनवर आला.

*

आमचा नीलेश मूळ यवतमाळचा, इथे आयटीत. त्याचा सगळा जीव मनगटावरच्या घड्याळात. एकदा थोरली वाट करून आला आणि घड्याळ बघून मट्कन खाली बसला. दहा किलोमीटरला जरासं कमी भरत होतं!

"आता एवढ्यासाठी अख्खा रन वाया जाते ना बाप्पा!" असं म्हणून उठला आणि पोह्यांच्या पातेल्याभोवती गोल गोल पळायला लागला. नियमाप्रमाणे तो पळतोय तोवर झाकण बंद. आम्ही सगळे भुकेने कासावीस.

सर शांतपणे म्हणाले, "अक्षता आणल्यात का कुणी?"

*

वाट चुकू नये म्हणून फाट्याफाट्यावर चुन्याने बाण काढायची आमची पद्धत. एकदा सरांनी वाचलं की चुना रोपट्यांना वाईट. झालं! पुढच्या रविवारी भल्या पहाटे येऊन त्यांनी गव्हाच्या पिठाचे बाण काढले. त्यांच्या मागोमाग गावातल्या हिराबाईंच्या शेळ्या चरायला आल्या आणि त्यांनी एकूण एक बाण चाटून साफ केला.

तेव्हा माझा पाय धड होता, म्हणून मीही त्या फौजेत होतो. बाणांविना वाट चुकून आम्ही थेट गावातल्या लग्नाच्या मांडवात निघालो! एक फेटेवाले आजोबा आमच्या चड्ड्यांकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, नवरीकडचं का नवऱ्याकडचं?"

"नवरदेवाकडचे हाओ जी!" नीलेशने ठोकून दिलं, आणि आम्ही गरम जिलब्यांवर तुटून पडलो.

पोट धरून परत आलो तर सुलभाताई पातेल्यापाशी बसलेल्या. तळ्यावरून केव्हाच परतल्या होत्या. भुकेने चेहरा उतरला होता, पण झाकण उघडलं नव्हतं. "शेवटचा माणूस यायचा होता ना," म्हणाल्या. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी झाकण उघडलं. जिलब्यांवर त्यांनी दोन बशा गार पोहे खाल्ले.

*

मध्यंतरी बिबट्या आल्याची आवई उठली. त्या रविवारी सगळ्यांनी आपापले रेकॉर्ड मोडले. सुलभाताई मात्र रोजच्या चालीने आल्या.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. बिबट्या शेवटच्यालाच धरतो. पण घाई केली असती तर गुडघा गेला असता, आणि मग तर मी आयतीच होते!"

*

त्या गुडघ्याने अखेर दगा दिलाच. ऑपरेशन ठरलं, डॉक्टरांनी पळणं बंद सांगितलं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सुलभाताई म्हणाल्या, "आज चालत का होईना, थोरली वाट करते. तुम्ही मात्र खाऊन घ्या." सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." मला सरांचा असा राग आला म्हणून सांगू!

एकेक करून सगळे परतले. सुलभाताई नाहीत. आणि सरही नाहीत! सर कधी मागे राहात नाहीत. ऊन वर आलं, पोह्यांची वाफ केव्हाच विरली. नीलेश शोधायला निघणार, एवढ्यात मागच्या झाडीतून सुलभाताई आल्या. लंगडत, लालबुंद होऊन. थोरली वाट पूर्ण! आम्ही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मला तर भरून आलं.

"उघडा हो झाकण," त्या धापा टाकत म्हणाल्या. "किती वेळ ताटकळलात माझ्यामुळे!"

"थांबा, सर यायचेत," मी म्हणालो.

"म्हणजे मी शेवटची नाही?"

तेवढ्यात शेळ्या हाकत हिराबाई आल्या.

"आवं, तुमचं मास्तर तकडं गवतात का बसल्यात? म्या इचारलं, तर म्हनलं, हळू बोला, बाई पुढं जाऊ द्यात!"

जरा वेळाने झाडीतून सर आले. विजारीला कंबरेपर्यंत कुसळं चिकटलेली. कुणाकडे न बघता ते ती एकेक उपटू लागले.

सुलभाताईंनी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले.

"काय सर, आज थंड पोहे खायची इच्छा होती का?"

"हो," सर म्हणाले. "गरम पोह्यांनी तोंड भाजतं."