एका कोठारात नाही

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करायचो. त्यातली ती एक, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. समोरच्याचं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकायची आणि मग चष्मा पुसायची. तिनं चष्मा पुसला, की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचो, हे मी अजून ऐटीत सांगतो.

सगळा कोड ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर ठेवायचा, असं आमच्या कंपनीच्या साहेबांनी ठरवलं होतं. "आपलं सोनं आपल्या तिजोरीत बरं!"

तिनं चष्मा पुसला. "अहो साहेब, आमच्या खडकीत सगळा दारूगोळा एका कोठारात ठेवत नाहीत. आपण कोड सांभाळायला गिट नावाचं सॉफ्टवेअर वापरू. जुन्या बदलांसकट पूर्ण प्रत प्रत्येकाकडे राहील, आणि एक बाहेरच्या सर्व्हरवर."

"म्हणजे भाड्याच्या घरात सोनं?"

"घर भाड्याचं, कुलूप आपलं."

साहेब कुरकुरत कबूल झाले.

पुढे एका वाचनालयात आमचं सॉफ्टवेअर सुरू करून द्यायचं होतं, आणि नेमका त्याच सकाळी बाहेरचा सर्व्हर बंद पडला. साहेब तिच्या टेबलाशी येऊन कडाडले, "पडलं ना तुमचं भाड्याचं घर बंद! आता खरी प्रत कुणाकडे आहे?"

"सगळ्यांकडे," ती म्हणाली. "आणि सगळ्याच खऱ्या आहेत."

मग माझाच लॅपटॉप उचलून ती वाचनालयात निघालीसुद्धा.

त्या दिवशी तिनं चष्मा पुसलाच नाही. साहेबांनी आपला पुसला.