माकडांनी प्यालेलं पाणी

मुरुडजवळच्या एका फळ संशोधन केंद्रावर गौरम्मा एकवीस वर्षं रोजंदारीवर आहे. कायम होण्याची आपली फाइल कुठवर आली, हे विचारायचं तिनं कधीच सोडलंय. सकाळी सातला घंगाळ वाचायचं मात्र सोडलेलं नाही.

घंगाळ हा तिचा शब्द. उघड्यावर, लाकडी चौकटीवर ठेवलेलं ते पत्र्याचं रुंद पात्र आहे. दिवसरात्रीत त्यातलं पाणी किती मिलिमीटर उतरलं, ते ती वहीत लिहिते. ऊन किती पाणी ओढतं ते त्यावरून कळतं, आणि त्याच आकड्यावरून मोसंबीच्या झाडाला रोज किती लिटर द्यायचं ते ठरतं. पाणी उन्हाशिवाय कुणी नेऊ नये, म्हणून पात्रावर जाळी असते.

मार्चअखेर ती जाळी गंजून फाटली. गौरम्मानं भांडारात सांगितलं. अर्ज दे म्हणाले, तिनं दिला. मग तीन दुकानांची दरपत्रकं लागतील म्हणाले, दोन हात जाळीसाठी! एप्रिल गेला, मे आला. आसपास उघडं पाणी तेवढंच. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, दुपारी माकडांची टोळी कडेनं बसून पिऊ लागली. तिनं जुनं लुगडं पांघरलं, तर सावलीनं नोंद बिघडते म्हणून केंद्राचे साहेब ओरडले. ते खरंही होतं. तिनं लांब लिंबाखाली पाण्याचं घमेलं भरून ठेवलं. माकडं तिथलंही प्यायची, इथलंही. एरवी मे महिन्यात अकराच्या आसपास असणारा आकडा सोळावर गेला. रोज शेऱ्याच्या रकान्यात ती लिहीत राहिली: जाळी फाटकी, माकडं पाणी पितात.

तक्ता छापताना शेऱ्याचा रकाना पानात मावेना, म्हणून तो काढून टाकला.

जूनच्या शेतकरी मेळाव्यात पुस्तिका आली. मोसंबीच्या मोठ्या झाडाला मे महिन्यात रोज एकशे साठ लिटर. तीनशे झाडांचा केरबा उठला. आपली विहीर झाडामागं एकशे दहाच्या वर देत न्हाई, मग काय करावं, असं त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, पुरेल तेवढीच झाडं ठेवा, बाकीची काढा. म्हणजे शंभरेक झाडं, नऊ वर्षांची, फळावर आलेली.

चहा वाटणाऱ्या गौरम्मानं किटली खाली ठेवली.

"सायब, ते वरचं पाणी झाडानं न्हाई प्यालं. माकडानं प्यालं."

मंडप हसला. साहेबही हसले. "मावशी, शास्त्राचं आमच्यावर सोडा. तुम्ही चहाचं बघा."

"शास्त्र तुमचंच हाय. पर घंगाळ मी वाचून राहिले, एकवीस सालं झाली. तुम्ही एकदा तरी वाकून बघितलं का?"

केरबानं साहेबांकडं पाठ केली. "मावशी, मग किती देऊ?"

"एकशे दहा. जाळी धड होती त्या सगळ्या उन्हाळ्यांत तेवढंच निघालं. एक झाड तोडू नका."

साहेब म्हणाले, दुरुस्तीचा प्रस्ताव पुढच्या वर्षी ठेवू. चूक नाकारलीही नाही त्यांनी. त्या चुकीला फक्त पुढची तारीख दिली.

मेळावा संपल्यावर गौरम्मा फाटकात उभी राहिली. प्रत्येकाच्या हातातली पुस्तिका मागून घ्यायची, साठ खोडायचं, वर दहा लिहायचं. सत्तावन्न पुस्तिका तिनं अशा दुरुस्त केल्या. शेवटी शेवटी पेन उमटेना, तर केरबानं खिशातलं आपलं दिलं.

उरलेल्या दोन हजार पुस्तिका आठवड्यापूर्वीच टपालानं गावोगाव गेल्या होत्या.